रानात दिशाभूल का होते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा सुरू झाला की घाटमाथ्यावर वाट चुकलेल्यांच्या बातम्या येऊ लागतात आणि दर वेळी तेच प्रश्न पुन्हा विचारले जातात. सह्याद्रीत हौसेने भटकणाऱ्यांना, मुलांना सहलीला नेणाऱ्या शिक्षकांना आणि घरी बसून काळजी करणाऱ्या आईवडिलांना उपयोगी पडावीत, अशी त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

माणसाला दिशेची उपजत जाण असते का?

लोक समजतात त्या अर्थाने नसते. स्थलांतर करणारे पक्षी आणि समुद्री कासवे यांना पृथ्वीच्या चुंबकत्वाचा वेध घेता येतो. वाट शोधण्यासाठी वापरता येईल अशी तशी शक्ती माणसात असल्याचे सिद्ध झालेले नाही. आपल्याकडे आहे तो हिशेब. जॉन ओकीफ यांना १९७१ मध्ये उंदरांच्या मेंदूत विशिष्ट जागी आल्यावरच चेतवल्या जाणाऱ्या पेशी सापडल्या, आणि २००५ मध्ये माय-ब्रिट व एडवर्ड मोझर यांनी अंतराची जाळी आखल्याप्रमाणे काम करणाऱ्या पेशी शोधल्या. या तिघांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. डोके कोणत्या बाजूला वळले आहे हे नोंदवणाऱ्या पेशीही आहेत, पण त्यांना उत्तर दिशा ठाऊक नसते. त्या फक्त ‘मघापासून मी इतका वळलो’ एवढेच सांगतात.

हा हिशेब जुन्या भिंतीवरच्या घड्याळासारखा आहे. ते रोज थोडे मागे किंवा पुढे जाते, आणि रेडिओवरची वेळ ऐकून काटे जुळवत राहिले तरच उपयोगाचे राहते. चालताना दूरचा डोंगर, देवळाचा कळस, सूर्य किंवा ओळखीचे झाड दिसले की मेंदू आपले काटे जुळवून घेतो. दाट रानात नेमकी जुळवण्याची साधनेच नाहीशी होतात, आणि घड्याळ मात्र पूर्वीच्याच आत्मविश्वासाने चालू राहते.

सरळ चालत असतानाही माणूस गोल फिरून त्याच जागी कसा येतो?

ही गोष्ट पूर्वी ऐकीव मानली जात असे. जर्मनीतील ट्यूबिंगेन येथील माक्स प्लांक संस्थेत यान साउमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिची प्रत्यक्ष परीक्षा घेतली व २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. बीनवाल्ड नावाच्या विस्तीर्ण, सपाट जंगलात सहा जणांना ‘शक्य तितके सरळ चाला’ एवढेच सांगून कित्येक तास चालवले आणि उपग्रहाच्या साहाय्याने त्यांचा मार्ग नोंदवला. ज्या दोघांना सूर्य दिसत होता, ते जवळजवळ सरळ रेषेत गेले. आभाळ झाकोळलेले असताना चाललेले चौघेही गोल फिरले आणि त्यांतील तिघांनी स्वतःचीच वाट पुनःपुन्हा ओलांडली. ती ओलांडल्याचे त्यांच्या लक्षातही आले नाही. ट्युनिशियाच्या वाळवंटात रात्री चालणारा एक जण चंद्र दिसत होता तोवर सरळ चालला आणि चंद्र ढगाआड जाताच भरकटला. डोळे बांधून चालवलेल्यांपैकी काही जण तर २० मीटरहून कमी व्यासाच्या वर्तुळात फिरत राहिले, आणि त्यांनाही आपण सरळच चाललो आहोत असे वाटत होते.

याचे कारण असे, की कानाच्या आतील तीन अर्धवर्तुळाकार नलिकांमधील द्रव आपल्याला वळल्याची जाणीव देतो, परंतु अगदी संथ वळण त्याला जाणवत नाही. प्रत्येक पावलागणिक सरळ म्हणजे काय याचा अंदाज किंचित हलतो, कधी डावीकडे तर कधी उजवीकडे, आणि बाहेरून दुरुस्ती झाली नाही तर या बारीक चुका साचत जातात. सरळ चालणे ही वास्तविक सतत चालू असलेली दुरुस्ती आहे.

एक पाय दुसऱ्यापेक्षा लांब किंवा बळकट असल्यामुळे असे होते का?

एकोणिसाव्या शतकापासून हे स्पष्टीकरण दिले जात आहे आणि ते ऐकायला पटते. तसे असते तर प्रत्येक माणूस दर वेळी एकाच बाजूला वळला असता. साउमान यांच्या प्रयोगात तीच व्यक्ती कधी डावीकडे, कधी उजवीकडे वळली आणि पायांच्या ताकदीशी त्याचा संबंध आढळला नाही.

मग ‘चकवा लागतो’ म्हणतात, ते खोटे का?

चकव्याचे भूत मानावे की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. पण चकव्याचे जे वर्णन आपल्या खेड्यापाड्यांतून केले जाते, ते निरीक्षण म्हणून विलक्षण अचूक आहे. वाटसरू अंधारात किंवा धुक्यात चालत राहतो, वाट ओळखीची वाटते, रात्रभर चालूनही तो त्याच झाडाखाली येतो आणि उजाडल्यावर कळते की गाव हाकेच्या अंतरावर होते. बीनवाल्डच्या नकाशावर उमटलेली वेटोळी आणि हे वर्णन यांत फारसा फरक नाही. जर्मनीत जे उपग्रहाने नोंदवले, ते आपल्या आजोबा-पणजोबांनी अनुभवून त्याला एक नाव देऊन ठेवले होते.

एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वीच्या जुलैत भीमाशंकरच्या बाजूला आम्ही चौघे धुक्यात पठार ओलांडत होतो. तासाभराने चिखलात बुटांचे ताजे ठसे दिसले आणि आम्हाला हायसे वाटले. पुढे कोणीतरी गेले आहे म्हणजे वाट बरोबर आहे, असे म्हणून आम्ही त्या ठशांमागे चालू लागलो. थोड्या वेळाने एका ठशाकडे वाकून पाहिले, तर टाचेकडचा एक रबरी दाता गायब होता. माझ्या उजव्या बुटाचा तो दाता आदल्या महिन्यात निखळला होता. आम्ही स्वतःच्याच मागे चाललो होतो. दिवस असूनही आणि चौघे जण शुद्धीवर असूनही, त्या क्षणी अंगावर काटा आला हे मान्य करायला हवे.

चकवा लागल्यावर चालत न राहता एका जागी बसावे, तंबाखू मळावी, उजाडण्याची वाट पाहावी, असे जुनी माणसे सांगतात. भूत काढून टाकले तरी हा सल्ला जसाच्या तसा उभा राहतो, कारण थांबल्याने चुकांची साठवण थांबते.

वाट चुकल्याचे वेळीच लक्षात का येत नाही?

कारण चूक झाल्याची कोणतीही खूण शरीर देत नाही. ठेच लागली तर दुखते. पाच अंश वळल्याने काहीच होत नाही. त्याहून मोठे कारण असे, की माणूस समोरचे पाहून मत बनवण्याऐवजी आधीच बनलेल्या मताला समोरचे जुळवून घेतो. ‘ओढा लागायला हवा होता, पण तो बहुधा आटला असेल’, ‘डोंगर डावीकडे दिसायला हवा, पण हा दुसरा असेल’, अशी एकेक सवलत आपण स्वतःला देत जातो. अशा तीन सवलती लागोपाठ दिल्या गेल्या, तर वाट चुकली आहे असे खुशाल समजावे.

गटात ही प्रवृत्ती वाढते. शंका प्रत्येकाच्या मनात असते, परंतु पुढे चालणाऱ्याला ठाऊक असेल असे मागच्याला वाटते आणि कोणी बोलत नाही म्हणजे ठीक आहे असे पुढचा समजतो. शिवाय शेवटची एसटी गाठायची असते, काळोख पडायला आलेला असतो, आणि तासभर चढून आलेले अंतर परत उतरून जाणे जिवावर येते. चूक झाली असे कळल्यावर भीतीने लक्ष आणखी आकसते. छाती धडधडू लागते, चाल वाढते आणि आजूबाजूच्या खुणा दिसेनाशा होतात. काही जण अक्षरशः धावत सुटतात.

सह्याद्रीत वाट चुकण्याची काही खास कारणे आहेत का?

आहेत, आणि युरोपातील सपाट जंगलापेक्षा ती निराळी आहेत. येथे चढ-उतार इतके आहेत की वर्तुळ पूर्ण होण्याआधीच माणूस कड्यावर किंवा घळीत अडकतो. पहिले कारण म्हणजे ढोरवाटा. गुरांच्या खुरांनी पडलेली वाट पायवाटेइतकीच रुळलेली दिसते, कित्येकदा जास्तच. पण गुरांना गावाला जायचे नसते, त्यांना चारा आणि पाणी हवे असते. म्हणून अशी वाट अर्धा तास छान चालते आणि एखाद्या डबक्यापाशी किंवा गवताळ उतारावर दहा दिशांना फुटून नाहीशी होते. वाट फुटत जाऊन बारीक होत असेल, तर ती माणसांची नसण्याची शक्यता मोठी.

दुसरे कारण कारवी. सात वर्षांनी एकदा फुलणारी ही झुडपे डोक्याहून उंच आणि इतकी दाट वाढतात की आत शिरल्यावर चार हातांपलीकडचे दिसत नाही. सगळ्या काठ्या सारख्या, सगळी पाने सारखी. मेंदूला पकडायला एकही वेगळी खूण मिळत नाही. तिसरे कारण धुके, जे जून ते सप्टेंबर घाटमाथ्यावर मुक्कामालाच असते. पठारावर तर ते फार फसवे, कारण तेथे चढ-उताराचा आधारही नसतो. उन्हाळ्यात पाहिलेली वाट पावसाळ्यात गवताखाली जाते आणि एरवी कोरड्या असलेल्या ओहोळांना पाणी येऊन ते ओढ्यांसारखे दिसू लागतात, हेही ध्यानात ठेवावे. १६५९ मध्ये अफझलखानाची फौज ज्या जावळीच्या खोऱ्यात शिरली, तेथील रानाचा जाणकाराला होणारा फायदा आणि परक्याला होणारा त्रास याच गोष्टींतून येतो.

विदर्भात मेळघाट किंवा ताडोबाकडे प्रकार वेगळा आहे. सागाच्या आणि बांबूच्या रानात सपाटीच्या भागात कोणत्याही दिशेला पाहिले तरी दृश्य एकच दिसते, त्यामुळे तेथे गोल फिरण्याचा धोका खरोखर बीनवाल्डसारखा आहे.

सूर्य, ध्रुवतारा किंवा झाडावरचे शेवाळ पाहून दिशा ओळखता येते का?

काही प्रमाणात येते, पण पुस्तकी नियम बहुतेक थंड प्रदेशांसाठी लिहिलेले असतात आणि आपल्याकडे ते जसेच्या तसे लागू पडत नाहीत. दुपारचा सूर्य दक्षिणेला असतो, हा नियम घ्या. हिवाळ्यात तो ठीक आहे. पुण्याच्या अक्षांशावर मेच्या मध्यावर सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली नाहीशी होते, आणि तेव्हापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य चक्क उत्तरेकडे कललेला असतो. हातघड्याळाचा तासकाटा सूर्याकडे धरून दक्षिण काढण्याची युक्ती म्हणूनच आपल्याकडे उन्हाळ्यात फसवते. सूर्य बरोबर पश्चिमेला मावळतो तेही फक्त मार्च आणि सप्टेंबरमधील विषुवदिनांच्या सुमारास. जूनच्या अखेरीस तो जवळजवळ २५ अंश उत्तरेकडे सरकून मावळतो. तरीही सकाळ-संध्याकाळचा सूर्य हा उपलब्ध आधारांतला सर्वांत चांगला आधार आहे, फक्त तो तासाला १५ अंश सरकतो हे विसरू नये.

ध्रुवताऱ्याची क्षितिजापासूनची उंची त्या जागेच्या अक्षांशाइतकी असते. पुण्यात ती सुमारे साडेअठरा अंश भरते, म्हणजे हात लांब करून धरलेल्या दोन मुठींहूनही थोडी कमी. समोर डोंगर किंवा झाडी असली की तारा दिसतच नाही, आणि पावसाळ्यात तर प्रश्नच मिटला. शेवाळ उत्तरेकडे असते हे विसरून जावे. चार महिने चिंब भिजणाऱ्या रानात ते खोडाला चहूबाजूंनी असते.

ओढ्याच्या कडेने उतरत गेले की गाव लागते, हे खरे आहे का?

हा सल्ला सह्याद्रीत जीवघेणा ठरू शकतो, आणि तो इतक्या सहजपणे दिला जातो की त्याबद्दल स्पष्ट लिहिणे भाग आहे. घाटमाथ्यावरून पश्चिमेला वाहणारा ओढा थोड्याच अंतरावर कड्यावरून कोकणात झेपावतो. माणूस निसरड्या खडकांवरून एकेक टप्पा उतरत जातो, प्रत्येक टप्पा परत चढायला अवघड असतो, आणि शेवटी पुढे धबधबा व मागे चढता न येणारा खडक अशा जागी तो अडकतो. वर जोराचा पाऊस झाला तर घळीत काही मिनिटांत लोंढा येतो. पाण्याच्या आवाजात हाकही ऐकू जात नाही. पूर्वेकडे देशावर उतरणाऱ्या पाण्याचा उतार सहसा सौम्य असतो, परंतु आपण पाणलोटाच्या कोणत्या बाजूला आहोत हेच चुकलेल्या माणसाला ठाऊक नसते. शक्य असल्यास सोंडेवर किंवा मोकळ्या उंचवट्यावर जावे. तेथून दिसते, आणि आपणही दिसतो. विजा चमकत असतील तेव्हा मात्र उंचवटाही टाळावा.

मोबाईल असताना ही सगळी चिंता कशाला?

मोबाईल फार उपयोगी आहे. उपग्रहावरून स्थान समजण्यासाठी नेटवर्क लागत नाही, हे अनेकांना ठाऊक नसते. नकाशा मात्र घरूनच उतरवून ठेवावा लागतो. नेटवर्क नसताना पहिले स्थान मिळायला काही मिनिटे लागू शकतात, तेव्हा मोकळ्या जागी स्थिर उभे राहावे. उभ्या कड्याजवळ किंवा अरुंद घळीत संदेश खडकावर आपटून येतात आणि नकाशावरचा ठिपका कित्येक मीटर सरकतो. सपाटीवर त्याने बिघडत नाही. अरुंद धारेवर बिघडते. पण खरी अडचण साधी आहे: दिवसभर फोटो काढून संध्याकाळी बॅटरी संपलेली असते.

साधे होकायंत्र बॅटरी मागत नाही. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत नगण्य फरक असल्याने ते वापरणेही सोपे आहे. ते बेसॉल्टच्या खडकावर टेकवू नये, कारण या खडकातील लोहखनिजांमुळे सुई विचलित होऊ शकते. हातात आडवे धरावे आणि मोबाईलपासून दूर ठेवावे.

सोबत्याची हाक ऐकू येते, पण ती कोठून येते हे का कळत नाही?

दोन्ही कानांपर्यंत आवाज पोहोचण्यात जो सूक्ष्म फरक पडतो, त्यावरून मेंदू दिशा ठरवतो. पानांमुळे आवाजातील बारीक स्वर विरतात आणि कड्यावरून आलेला प्रतिध्वनी कधीकधी मूळ हाकेपेक्षा स्पष्ट असतो. एकाच जागेवरून ठरावीक अंतराने शिट्टी वाजवणे हाळी देण्यापेक्षा बरे; घसा बसत नाही आणि शोधणाऱ्याला जागा बदलून पुन्हा अंदाज घेता येतो.

कधीकधी सगळ्या दिशाच उलट झाल्यासारख्या का वाटतात?

हा अनुभव रानापुरता नाही. रात्रीच्या गाडीत झोप लागून अनोळखी स्टेशनवर उतरले की सूर्य चुकीच्या बाजूला उगवल्यासारखा वाटतो आणि समजूत घालूनही ती भावना जात नाही. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेद बिने यांनी १८९४ मध्येच या भ्रमाविषयी लिहिले होते. मेंदूतील नकाशा सुस्थितीत असतो, पण तो चुकीच्या बाजूने मांडला गेलेला असतो. रानात हे घडले की माणूस पूर्ण खात्रीने उलट दिशेला निघतो, आणि होकायंत्र बिघडले आहे असे त्याला वाटू लागते. होकायंत्रावर विश्वास ठेवावा.

रानात वाढलेली माणसे चुकत नाहीत का?

कमी चुकतात. ३८ देशांतील सुमारे चार लाख लोकांनी खेळलेल्या एका संगणकीय खेळाच्या आधारे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, शहराबाहेर वाढलेल्यांना वाट शोधणे सरासरीने अधिक चांगले जमते असे दिसले. यात भाषेचाही वाटा असावा, असे माझे मत आहे. आपल्याकडे खेड्यात ‘डावीकडे’ म्हणण्याऐवजी ‘उगवतीला’, ‘मावळतीला’, ‘वरल्या अंगाला’ असे म्हणतात, आणि असे बोलायचे तर सूर्य कोठे आहे याचे भान दिवसभर ठेवावेच लागते.

त्या जुलैत आम्हाला पठारावरून खाली आणणारे गावातले मामा दर फाट्यावर एक कारवीची काडी मोडून आडवी ठेवत आणि दर वळणावर मागे वळून उभे राहत. कारण विचारले तेव्हा म्हणाले, “जाताना वाट येगळी दिसती, येताना येगळी. येतानाची आत्ताच बघून ठेवायची.” ही सवय कोणालाही लावून घेता येते. तुम्ही कधी चुकलात का, असेही त्यांना विचारले. या रानात नाही, पण पुण्याला स्वारगेटला उतरलो की उगवत कुठे आणि मावळत कुठे ते कळत नाही, असे ते म्हणाले.

वाट चुकल्याचे लक्षात आल्यावर पहिल्यांदा काय करावे?

बसावे. पाणी प्यावे, काही खावे आणि निदान दहा मिनिटे कोणताही निर्णय घेऊ नये. त्यानंतर खात्रीने ओळखीची अशी शेवटची जागा कोणती होती ते आठवावे व किती वेळ चाललो याचा हिशेब करावा. ती जागा जवळ असेल आणि आलेली वाट दिसत असेल, तरच खुणा करत मागे जावे. खुणा म्हणून आडवी काडी किंवा दगडांची रास पुरते. अंधार पडायला तासाहून कमी वेळ असेल तर उरलेला उजेड चालण्यात न घालवता कोरडी, वाऱ्यापासून आडोशाची आणि कड्यापासून दूर अशी जागा शोधण्यात घालवावा. पावसाळ्यात भुकेपेक्षा ओल्या कपड्यांतली थंडी जास्त घातक असते. नेटवर्क मिळाल्यास ११२ वर फोन करावा, आणि एकदा आपले ठिकाण कळवले की ते सोडू नये.

गटातील कोणी मागे राहिले किंवा लहान मूल हरवले तर?

सगळ्यांनी वेगवेगळ्या दिशांना धावू नये. एकाचे तीन हरवतात. शेवटचे दिसलेले ठिकाण आणि वेळ लिहून ठेवावी, तेथे एकाने थांबावे आणि दोघांनी मिळून जवळच्या गावात खबर द्यावी, कारण रानाची माहिती असलेली माणसे तेथेच भेटतात. लहान मुले घाबरली की झुडपात किंवा खडकाच्या आडोशाला लपतात आणि अनोळखी माणसाच्या हाकेला ओ देत नाहीत, तेव्हा उत्तर आले नाही म्हणून ती जागा सोडून पुढे जाऊ नये. वाकून आत पाहावे. मूल हरवण्याआधी त्याला दोनच गोष्टी शिकवाव्यात: चुकलास तर एका झाडापाशी थांब, आणि शोधायला आलेले लोक रागावणार नाहीत. शोधणाऱ्यांना कपड्यांचा रंग, बुटाच्या तळाची नक्षी, सोबत असलेले पाणी आणि चालू असलेली औषधे यांची माहिती द्यावी. बुटाच्या तळाचा फोटो निघतानाच काढून ठेवला असेल, तर चिखलातला ठसा कोणाचा यावर वाद होत नाही.